निरभ्र आभाळाखाली ट्रिप होणारे ड्राइव्ह : कोल्हापूरजवळच्या एका कारखान्याचे प्रकरण

कोल्हापूर परिसरातील एका औद्योगिक वसाहतीत पंप आणि व्हॉल्व्हच्या ओतीव भागांवर यंत्रकाम करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याचे नाव देण्याची गरज नाही, पण त्याची विद्युत रचना नीट सांगायला हवी, कारण पुढची सारी गुंतागुंत तिच्यातूनच निर्माण झाली. कारखान्याला ११ केव्हीचा उच्चदाब पुरवठा आहे. आवारातले ६३० केव्हीएचे रोहित्र तो दाब ४३३ व्होल्टवर आणते, तेथून वीज मुख्य एलटी (लघुदाब) पॅनेलमध्ये येते, आणि त्या पॅनेलला लागून २५० केव्हीएआरचे एपीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारे पॅनेल आहे (केव्हीएआर हे कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक). गरजेप्रमाणे २५ केव्हीएआरच्या दहा पायऱ्या आपोआप आत घेणारी किंवा बाहेर काढणारी ही कपॅसिटरची यंत्रणा आता बहुतेक कारखान्यांत दिसते. महाराष्ट्रातील उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच एककावर, म्हणजे केवळ उपयोगी ऊर्जेऐवजी पुरवठ्यातून घेतलेल्या एकूण व्होल्ट-अँपिअरवर, बिल येऊ लागल्यापासून पॉवर फॅक्टर (उपयोगी शक्तीचे एकूण शक्तीशी प्रमाण) एकच्या जवळ राखण्यावाचून कारखानदाराला पर्याय उरलेला नाही. लोडच्या बाजूला अठरा सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रे, ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर चालणारे ५५ किलोवॅटचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर आणि एक ईओटी (छतालगतची, विजेवर चालणारी) क्रेन अशी मांडणी आहे.

मला बोलावणे आले ते मे महिन्याच्या अखेरीस. तोपर्यंत चार महिन्यांत एका कॉम्प्रेसरच्या ड्राइव्हचे पॉवर कार्ड जळाले होते, सीएनसी यंत्रांमधील २४ व्होल्टचे पाच एसएमपीएस (छोटे वीजपुरवठा संच) गेले होते, एका यंत्राचे सर्व्हो पॉवर सप्लाय मोड्यूल बदलावे लागले होते आणि तीन यंत्रांचे आरएस-२३२ पोर्ट (संगणकाशी केबल जोडण्याच्या जागा) निकामी झाले होते. याखेरीज कॉम्प्रेसरचे ड्राइव्ह वारंवार ‘ओव्हरव्होल्टेज’ असा दोष दाखवून बंद पडत होते, आणि हवेचा दाब उतरला की चक पकड सोडतील या भीतीने सगळी यंत्रे थांबवावी लागत होती. मालकांच्या हिशेबी या सर्व घटनांचे नाव एकच होते : सर्ज, म्हणजे दाबाचा क्षणिक झटका. त्यावर उपायही एकाच दिशेने झाले होते. प्रथम स्थानिक कंत्राटदाराने मुख्य पॅनेलमध्ये टाइप २ चा ४० केए (किलोअँपिअर) क्षमतेचा एसपीडी, म्हणजे सर्जपासून वाचवणारे उपकरण, बसवला. दोन महिन्यांत त्याच्या खिडकीतली हिरवी खूण लाल झाली, तेव्हा विक्रेत्याच्या सल्ल्याने त्या जागी ८० केएचा आला. मध्यंतरी यंत्रांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाने सीएनसीसाठी ‘स्वच्छ’ असा वेगळा अर्थिंगचा खड्डा करायला सांगितले आणि तोही झाला. नुकसान मात्र थांबले नाही.

वहीतली वेळ

देखभाल विभागाच्या सुपरवायझरांनी फेब्रुवारीपासून प्रत्येक ट्रिपची, म्हणजे ड्राइव्ह आपोआप बंद पडण्याची, तारीख आणि वेळ एका शंभर पानी वहीत लिहून ठेवली होती. या कामात मला मिळालेले सर्वांत मोलाचे उपकरण ते होते, आणि पुढे भाड्याने आणलेल्या महागड्या विश्लेषकाने त्या वहीत आधीच असलेल्या गोष्टीला फक्त आकडे जोडले. एकूण ३७ नोंदींपैकी २९ नोंदी सकाळी साडेआठ ते आठ पंचावन्न या वेळातल्या होत्या. रविवारची एकही नव्हती. सुपरवायझर म्हणाले, “साहेब, चहाची गाडी आली की कॉम्प्रेसर ट्रिप मारतो, हे आता पोरांनासुद्धा पाठ झालंय.” फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्हापुरात आभाळ स्वच्छ असते. वीज कडाडण्याचे दिवस वळवाचे, म्हणजे एप्रिल-मेचे, आणि नंतर परतीच्या पावसाचे. म्हणजे या २९ घटनांचा आभाळातल्या विजेशी काही संबंध असण्याची शक्यताच नव्हती. उलट आरएस-२३२ चे तिन्ही पोर्ट मे महिन्यातल्या एकाच दुपारी, वळवाच्या पावसात गेले होते. एकाच शब्दाखाली दोन वेगळी दुखणी गोळा झाली होती, आणि एकावर केलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेल या आशेवर पैसा खर्च होत होता.

सकाळी साडेआठला काय घडते याचे उत्तर कारखान्यात नव्हते, ते सुमारे तीन किलोमीटरवरच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात मिळाले. वसाहतीतला सकाळचा भार वाढू लागला की तेथील ११ केव्ही बसवर, म्हणजे सर्व वाहिन्या जिथून निघतात त्या सामाईक पट्टीवर, १२०० केव्हीएआरची कपॅसिटर बँक चालू केली जाते. यात उपकेंद्राचे काही चुकत नव्हते, कारण ती बँक नसती तर वाहिनीच्या टोकाकडच्या ग्राहकांना दाब कमी मिळाला असता. परंतु रिकामा कपॅसिटर जिवंत बसला जोडला जातो तेव्हा त्या क्षणी बसचा दाब शून्याकडे खेचला जातो, मग तो सावरताना मूळ शिखराच्या वर जातो आणि काही काळ हेलकावे खात पूर्वपदावर येतो. सिद्धांताने हे शिखर नेहमीच्या दुप्पट होऊ शकते. प्रत्यक्षात ते बहुधा १.२ ते १.८ पट असते, आणि हेलकाव्यांची वारंवारता साधारण ३०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात पडते. एवढ्याने सुस्थितीतल्या उपकरणाला सहसा काही होत नाही, आणि त्याच वाहिनीवरच्या इतर अनेक कारखान्यांना काही होतही नव्हते. मग याच कारखान्याला का?

हेलकाव्याची वारंवारता ठोकळमानाने काढायला मोठ्या गणिताची गरज लागत नाही. त्या जागेची शॉर्टसर्किट पातळी (तेथे शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा किती शक्ती देऊ शकेल तो आकडा) भागिले कपॅसिटरची क्षमता, त्याचे वर्गमूळ, आणि त्याला ५० ने गुणायचे. उपकेंद्राच्या बसची पातळी सुमारे ९० एमव्हीए होती. तिला १.२ एमव्हीएआरने भागले की ७५ येतात आणि वारंवारता निघते ४३३ हर्ट्झ. आता कारखान्याकडे पाहू. रोहित्राचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) ५ टक्के असल्यामुळे त्याच्या एलटी बाजूची पातळी एकट्या रोहित्राच्या हिशेबाने १२.६ एमव्हीए भरते, आणि तीन किलोमीटरच्या ओव्हरहेड वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स धरला तर ती ११.४ पर्यंत उतरते. एपीएफसीच्या सहा पायऱ्या, म्हणजे १५० केव्हीएआर आत असतील, तर भागाकार ७६ येतो आणि वारंवारता ४३६ हर्ट्झ. दोन्ही मंडले जवळजवळ एकाच सुरात लावलेली होती. अशा वेळी उपकेंद्राच्या बसवर उठलेला हेलकावा वाहिनी आणि रोहित्र ओलांडून कारखान्यात येताना क्षीण होत नाही, उलट वाढतो. आठ पट मोठ्या बँकेची ऊर्जा धाकट्या बँकेत ओतली जाते आणि धाकटीचा दाब मोठीपेक्षाही वर चढतो. विद्युत अभियांत्रिकीत ही घटना अनेक दशकांपासून परिचित आहे, आणि प्रतिकूल जुळणीत एलटी बाजूचे शिखर मूळ शिखराच्या तिपटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. तरी कारखान्यात गेल्यावर तिचा विचार सर्वांत शेवटी होतो, कारण तिचा दोषी डोळ्यांपुढे नसतो.

फेब्रुवारीतच हे का सुरू झाले, याचाही उलगडा यातून झाला. जानेवारीत चार नवी व्हीएमसी (उभ्या अक्षाची सीएनसी) यंत्रे आली होती. त्याआधी सकाळी साडेआठला एपीएफसीच्या दोन किंवा तीन पायऱ्या पुरत असत, भार वाढल्यावर त्या वेळी सहा लागू लागल्या. मालकांचा संशय नव्या यंत्रांवर होता आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, मात्र यंत्रांनी काही बिघडवले नव्हते, त्यांनी फक्त कपॅसिटरची संख्या नको त्या आकड्यावर नेऊन ठेवली होती.

मोजणी

गणित कागदावर जुळले म्हणून कोणी पैसे खर्च करू नयेत. त्यामुळे मुख्य पॅनेलवर एक विद्युत गुणवत्ता विश्लेषक अकरा दिवस लावून ठेवला. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण या बाबतीत फसगत फार होते. हा विश्लेषक प्रत्येक आवर्तनात २०० नमुने घेत होता, म्हणजे दोन नमुन्यांमध्ये १०० मायक्रोसेकंदांचे अंतर. ४३३ हर्ट्झचा एक हेलकावा सुमारे २.३ मिलिसेकंदांचा असतो, तो यात स्पष्ट दिसतो. विजेमुळे येणारा सर्ज काही मायक्रोसेकंदांत चढतो आणि काही दशक मायक्रोसेकंदांत ओसरतो, तो या उपकरणाला दिसणारच नाही, आणि त्याच्या अहवालात ‘ट्रान्झियंट आढळले नाहीत’ असे लिहून येईल. हा अहवाल खोटा नसतो, पण तो वाचणाऱ्याला उपकरणाचा वेग माहीत नसेल तर दिशाभूल होते.

अकरापैकी नऊ कामाच्या दिवशी बँक चालू झाल्याचा क्षण पकडला गेला. प्रत्येक वेळी एपीएफसीच्या किती पायऱ्या आत होत्या हे सुपरवायझर लिहून ठेवत होते. सहा पायऱ्या असताना फेज-न्यूट्रल दाबाचे शिखर नेहमीच्या २.१ पट गेले. नऊ पायऱ्या असलेल्या एका दिवशी ते १.६ पट होते आणि दोन पायऱ्या असलेल्या दिवशी १.३५ पट. हेलकावे साधारण एका आवर्तनात, म्हणजे वीस मिलिसेकंदांच्या आत विझत होते. ड्राइव्ह ट्रिप झाले ते पाच किंवा सहा पायऱ्या असलेल्या दिवशीच. नऊ पायऱ्यांच्या नोंदीने एक वेगळीच गोष्ट लक्षात आणून दिली. त्या स्थितीत कारखान्याची स्वतःची अनुनादी वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला त्याच्या मंडलातले हेलकावे वाढतात ती, ३५६ हर्ट्झच्या जवळ येते, आणि ड्राइव्हमधून निघणारा सातवा हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या सातपट वारंवारतेची लहर) ३५० हर्ट्झचा असतो. एपीएफसी पॅनेलमधले दोन कपॅसिटर फुगलेले होते आणि उन्हाळ्यामुळे ते फुगले असे सर्वांनी मान्य करून टाकले होते. ते फुगण्यामागे उन्हापेक्षा हा हार्मोनिकच असणार.

त्याच पॅनेलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. कपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टरमध्ये मुख्य संपर्कांच्या आधी जुळणारे छोटे संपर्क आणि त्यांच्याशी जोडलेल्या रोधक तारा असतात. त्या पहिला प्रवाह आवरून धरतात. दोन कॉन्टॅक्टरच्या या तारा जळून तुटल्या होत्या, आणि एका ठिकाणी तर स्टोअरमध्ये होता म्हणून साधा पॉवर कॉन्टॅक्टर बसवला होता. म्हणजे कारखाना दिवसातून अनेक वेळा स्वतःच्याच पुरवठ्यात छोटे धक्के देत होता. एसएमपीएस जळण्यात या धक्क्यांचा वाटा किती आणि सकाळच्या हेलकाव्यांचा किती, हे मी नेमके वेगळे करू शकलो नाही.

एसपीडी का उपयोगी पडला नाही

मुख्य पॅनेलमधल्या एसपीडीत झिंक ऑक्साइडचे व्हॅरिस्टर (ठरावीक दाबापुढेच प्रवाह वाहू देणारे घटक) होते आणि त्यांचा कमाल सततचा दाब ३२० व्होल्ट होता. अशा व्हॅरिस्टरमधून एक मिलिअँपिअर एवढा नाममात्र प्रवाह जाऊ लागतो तोच मुळी ५१० व्होल्टच्या आसपास. अर्थपूर्ण प्रवाह वाहायला त्यावर आणखी शंभर-दोनशे व्होल्ट चढावे लागतात. सकाळी कारखान्यात मिळणारा लाइन दाब ४२८ व्होल्ट होता, म्हणजे फेज-न्यूट्रल शिखर ३४९ व्होल्ट. त्यामुळे एसपीडीला जाग येते ती नेहमीच्या शिखराच्या जवळपास दीडपट पातळीला. आता ड्राइव्हकडे पाहू. त्याच्या डीसी बसवर, म्हणजे आतल्या एकदिश दाबाच्या पट्टीवर, या दाबाला सुमारे ६०५ व्होल्ट असतात आणि अतिदाबाचे संरक्षण ८०० व्होल्टच्या आसपास त्याला बंद करते, म्हणजे १.३२ पट. डीसी बसचा कपॅसिटर भरायला प्रवाह लागतो, त्यामुळे दाबाचे शिखर जसेच्या तसे बसवर उतरत नाही. तरीही क्रम स्पष्ट आहे : एसपीडीने डोळे उघडण्याआधी ड्राइव्ह बंद पडलेला असतो. तो ४० केएचा असो की ८० केएचा, यात फरक पडत नाही. कारण केए हा आकडा तो किती मोठा प्रवाह पचवू शकतो हे सांगतो, तो किती दाबावर काम सुरू करतो हे सांगत नाही. विक्रेत्याच्या दुकानात मात्र सारी तुलना केएवर होते, आणि ग्राहकही मोठा आकडा पाहून निश्चिंत होतो.

शिवाय २.१ पट, म्हणजे ७३० व्होल्टच्या पुढे जाणाऱ्या हेलकाव्यांत तोच व्हॅरिस्टर खरोखर वाहू लागतो. मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी बनवलेल्या घटकाला येथे मिलिसेकंदांच्या हिशेबाने, एकापाठोपाठ अनेक शिखरे झेलावी लागतात, आणि तीही आठवड्यातून अनेक सकाळी. झिंक ऑक्साइडच्या कणांमधल्या सीमा अशा वारंवार माऱ्याने हळूहळू निकामी होतात, गळती वाढते, तापमान वाढते आणि शेवटी आतला उष्णता-विच्छेदक त्याला मंडलातून काढून टाकतो. ४० केएचा एसपीडी दोन महिन्यांत लाल झाला तो असा. ड्राइव्हला तर त्याने वाचवले नव्हतेच.

अटकळ बरोबर आहे हे ठरवण्यासाठी एक बिनखर्चाचा प्रयोग केला. एपीएफसीच्या नियंत्रकात सकाळी नऊपर्यंत दोनपेक्षा जास्त पायऱ्या आत येणार नाहीत असे बंधन घातले आणि पंधरा दिवस वाट पाहिली. त्या काळात सकाळची एक ट्रिप झाली. आधीच्या पंधरवड्यात सहा झाल्या होत्या. केव्हीएएचमध्ये थोडा तोटा झाला, पण मालकांचा उपायांवरचा विश्वास या एका प्रयोगाने जितका बसला तितका माझ्या आलेखांनी बसला नसता.

वळवाची दुपार

आरएस-२३२ पोर्टची कथा निराळी आहे. कार्यालय वेगळ्या इमारतीत, शेडपासून चाळीसेक मीटरवर आहे. तेथल्या संगणकावरून यंत्रांना प्रोग्रॅम पाठवण्यासाठी तांब्याच्या केबल शेडच्या कैच्यांवरून नेलेल्या होत्या. कार्यालयाचे अर्थिंग त्याच्या स्वतःच्या खड्ड्याला, शेडच्या पॅनेलचे दुसऱ्या खड्ड्याला, आणि सीएनसी यंत्रांचे त्या नव्या ‘स्वच्छ’ खड्ड्याला जोडलेले होते. तिन्ही खड्डे एकमेकांपासून जाणीवपूर्वक अलग ठेवलेले होते. जवळपास वीज पडली आणि तिच्या प्रवाहाचा अगदी लहान भाग, समजा १ केए, ३ ओहम रोधाच्या एका खड्ड्यात उतरला, तर त्या खड्ड्याला जोडलेले सारे लोखंड आणि सर्व संदर्भ तारा दूरच्या जमिनीच्या तुलनेत ३००० व्होल्टने वर उचलल्या जातात, आणि शेजारचा अलग खड्डा मात्र बराच खाली राहतो. या दोन पातळ्यांना जोडणारी एकमेव तांब्याची वाट होती ती आरएस-२३२ ची केबल, जिच्या पोर्टकडून २५ व्होल्टच्या पलीकडे काही सहन करण्याची अपेक्षा नसते. पोर्ट जळाले ते पुरवठ्यातून आलेल्या सर्जने नव्हे. त्यांचा बळी अर्थिंगच्या भेदाने घेतला, आणि तो भेद संरक्षणाच्या नावाखाली पैसे देऊन निर्माण केलेला होता.

वेगळ्या खड्ड्यांचा हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्याचे मूळ शोधावेसे वाटते. माझ्या मते त्याचा एक धागा विद्युत सुरक्षा नियमांच्या वाचनात आहे. उपकरणाच्या सांगाड्याला जमिनीशी दोन स्वतंत्र व वेगळ्या जोडण्या असाव्यात असे नियम सांगतात. एक तुटली तरी दुसरी राहावी हा त्यामागचा उद्देश आहे. दोन जोडण्या एकमेकींना स्पर्श करू नयेत असे त्यात कोठेही नाही, पण ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष कामावर ‘अलग’ असा लावला जातो. एका आवारातली सारी अर्थिंग एकमेकांना जोडून समान पातळीवर आणली पाहिजेत, ही गोष्ट आयएस ३०४३ च्या अर्थिंग संहितेतही आहे आणि वीज-संरक्षणाच्या आयएस/आयईसी ६२३०५ मालिकेतही आहे.

त्या दुपारी मुख्य पॅनेलमधल्या ८० केएच्या एसपीडीने काय केले, हाही प्रश्न होता. तो पॅनेलच्या दाराजवळच्या मोकळ्या जागेत बसवलेला होता. बसबारपासून त्याच्यापर्यंत आणि त्याच्यापासून दुसऱ्या टोकाच्या अर्थ पट्टीपर्यंत तारेची एकूण लांबी २.३ मीटर भरली. तार नीटनेटकी दिसावी म्हणून तिला केबल ट्रेच्या कडेने वळसा दिला होता. सरळ तारेचा इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरतात. ८/२० मायक्रोसेकंदांच्या चाचणी लहरीचा १० केए प्रवाह ८ मायक्रोसेकंदांत चढतो, म्हणजे प्रत्येक मीटर तारेवर सुमारे १२५० व्होल्ट, आणि २.३ मीटरवर जवळपास २९०० व्होल्ट. एसपीडीवर लिहिलेला संरक्षण दाब १.५ केव्ही त्यात मिळवला तर पलीकडच्या यंत्रांना ४.४ केव्हीपर्यंत झेलावे लागते. ही बेरीज थोडी ढोबळ आहे, कारण तारेवरचा दाब चढत्या प्रवाहाबरोबर येतो आणि व्हॅरिस्टरचा त्याच्या शिखराशी, दोन्ही एकाच क्षणी कमाल नसतात. तरीही २३०/४०० व्होल्टच्या व्यवस्थेत साध्या उपकरणांकडून २.५ केव्ही आणि स्थिर बसवलेल्या वितरण उपकरणांकडून ४ केव्ही सहनशक्ती अपेक्षित असते, हे पाहिले की दोन मीटर तारेची किंमत कळते. मानकांमध्ये एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगितले आहे ते यासाठी.

त्या एसपीडीच्या आधी १० केए खंडन क्षमतेची एमसीबी (दोष प्रवाह आपोआप तोडणारा छोटा स्विच) होती. त्या बसवरचा संभाव्य दोष प्रवाह एकट्या रोहित्राच्या हिशेबाने साडेसोळा केएच्या पुढे जातो. व्हॅरिस्टर शॉर्ट झाला असता तर ती एमसीबी स्वतःच फुटली असती. हे नजरेस आले त्याच दिवशी ती काढून टाकली.

जे केले ते

कामांचा क्रम पैशांच्या सोयीने ठरला, शास्त्राने नव्हे, आणि तसे सांगण्यात कमीपणा नाही. आधी दोन्ही कॉम्प्रेसर ड्राइव्हच्या आवक बाजूला ३ टक्क्यांचे लाइन चोक बसवले. चोकमुळे डीसी बसकडे धावणारा प्रवाह आवरला जातो, बस तितकी चढत नाही, आणि हार्मोनिकही कमी होतात. एवढ्यानेच, पायऱ्यांवरचे बंधन काढल्यानंतरही, ओव्हरव्होल्टेजची ट्रिप थांबली. त्याच वेळी एपीएफसीमधले जळक्या तारांचे कॉन्टॅक्टर बदलले.

एपीएफसीचे रूपांतर हा खर्चाचा भाग असल्यामुळे तो दोन महिने लांबला. प्रत्येक पायरीच्या आधी ७ टक्क्यांची डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर घेतली, ज्यामुळे ती पायरी १८९ हर्ट्झला सुरात लागते आणि तिची पुरवठ्याबरोबरची अनुनादी वारंवारता त्याच्याही खाली उतरते. म्हणजे उपकेंद्राच्या ४३३ हर्ट्झपासूनही दूर आणि पाचव्या-सातव्या हार्मोनिकपासूनही दूर. रिअ‍ॅक्टर आल्यावर कपॅसिटरवरचा दाब साडेसात टक्क्यांनी वाढतो, ४२८ चे ४६० होतात. म्हणून जुने ४४० व्होल्टचे कपॅसिटर तसेच ठेवण्याचा कंत्राटदाराचा आग्रह मान्य न करता ५२५ व्होल्टचे घेतले. यावर बराच वाद झाला. जुने कपॅसिटर सुस्थितीत दिसत होते आणि ते भंगारात देणे मालकांना पटत नव्हते.

तिन्ही खड्डे गॅल्व्हनाइझ्ड पट्टीने जमिनीखालून जोडले, कार्यालयाचाही. यंत्रांच्या देखभाल तंत्रज्ञाने याला लेखी हरकत घेतली, तिला लेखी उत्तर दिले. कार्यालय ते शेड हा संपर्क ऑप्टिकल फायबरवर नेला, त्यामुळे तांब्याची ती वाटच राहिली नाही. मुख्य एसपीडी बसबारच्या अगदी शेजारी आणला, तारेची एकूण लांबी ४० सेंटिमीटर, आधी निर्मात्याने सांगितलेले एचआरसी (मोठा दोष प्रवाह तोडू शकणारे) फ्यूज. मुख्य पॅनेलपासून सर्वांत दूरच्या पाच यंत्रांच्या पॅनेलमध्ये दुसऱ्या टप्प्याचे एसपीडी दिले, कारण केबल दहा मीटरपेक्षा लांब असली की तिच्या दूरच्या टोकाला परावर्तनामुळे दाब संरक्षण दाबाच्या जवळपास दुपटीपर्यंत जाऊ शकतो. ११ केव्ही वाहिनीच्या दुहेरी खांबावरच्या तीन लाइटनिंग अरेस्टरपैकी (विजेचा झटका जमिनीत उतरवणारी उपकरणे) एकाची अर्थ पट्टी गंजून तुटली होती, ती बदलली. क्रेनच्या ब्रेक कॉइलवर आरसी स्नबर (कॉइल बंद होताना उठणारा झटका शमवणारी जोडणी) बसवायचा होता, तो अजून बसलेला नाही.

त्यानंतर तेरा महिने झाले. कॉम्प्रेसरची ओव्हरव्होल्टेज ट्रिप एकदाही नाही. एक एसएमपीएस गेला, त्याच्या पंख्यात कास्टिंगची धूळ घट्ट बसलेली होती. परतीच्या पावसात एका रात्री एका यंत्राच्या पॅनेलमधले एसपीडीचे एक काडतूस लाल झाले आणि यंत्र सकाळी नेहमीप्रमाणे सुरू झाले. सुपरवायझरांनी ते काडतूस टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या कारखान्याच्या मालकांनी, यांच्याकडे जो डबा बसवला तोच आमच्याकडे बसवा, असा निरोप पाठवला. त्यांचे रोहित्र ३१५ केव्हीएचे आहे, ५ टक्के इम्पिडन्सचे, आणि ७५ केव्हीएआरचे कपॅसिटर कायम जोडलेले आहेत. रोहित्र निम्मे, कपॅसिटरही निम्मे, त्यामुळे भागाकार जवळजवळ तोच राहतो. त्याच वाहिनीवर, त्याच उपकेंद्रापासून, साधारण तेवढ्याच अंतरावर, वारंवारता निघते ४४७ हर्ट्झ. ड्राइव्ह त्यांच्याकडे आजवर नव्हते, दोन आता दिवाळीनंतर यायचे आहेत. ते येण्याआधी चोक आणि रिअ‍ॅक्टर बसतील की नाही हे अजून ठरलेले नाही. तूर्त त्यांच्या सुपरवायझरांना एक वही घालून सकाळी साडेआठची नोंद ठेवायला सांगितले आहे.